आधी काय, मग काय?

नवरात्राची सांगता होताना तुळजापुरात दसऱ्याच्या पहाटे आई तुळजाभवानीचे सीमोल्लंघन होते. या सोहळ्याची पालखी येते ती अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून. सीमोल्लंघनानंतर देवी ज्या पलंगावर श्रमनिद्रा घेते, तो पलंग येतो पुणे जिल्ह्यातील घोडेगावहून, वाटेवरच्या मुक्कामांचा मान स्वीकारीत. वेगवेगळ्या गावांचे कारागीर, मानाची घराणी, वाटेवरचे ग्रामस्थ आणि तुळजापूरचे पुजारी या सर्वांना एका ठरल्या घटकेला एकत्र यायचे असते. दसऱ्याची तिथी कोणासाठी पुढे जात नाही. म्हणून येथे मोजणी उलटी चालते. दसऱ्याला पोहोचायचे तर अमक्या तिथीला अमक्या गावचा मुक्काम हलला पाहिजे. तो हलायचा तर त्याआधी पलंग घडून तयार हवा. आणि घडायचा तर लाकूड त्याही आधी सुताराच्या हाती पडले पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या हे चालत आले आहे आणि त्यासाठी कोणी आढावा बैठक घेतल्याचे ऐकिवात नाही.

संगणकावर प्रकल्पांचे नियोजन आणि वेळापत्रक करून देणाऱ्या ज्या प्रणाली आज मोठ्या कंपन्यांत, रेल्वेत, महामार्गांच्या कार्यालयांत दिसतात, त्यांच्या मुळाशी हाच विचार आहे. १९५७ साली अमेरिकेतील ड्युपाँट कंपनीने रासायनिक कारखान्यांच्या उभारणीसाठी आणि १९५८ साली त्या देशाच्या नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी तो गणिताच्या भाषेत मांडला. १९८३ साली प्रायमाव्हेरा आणि १९८४ साली मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट आले, तेव्हा तो सामान्य अभियंत्याच्या टेबलावर आला. आता तर प्रोजेक्टलिब्रेसारख्या प्रणाली विनामूल्य मिळतात. कामांची यादी द्यायची, प्रत्येकाला किती दिवस लागतील ते सांगायचे आणि कोणते काम कोणत्या कामाआधी होऊच शकत नाही ते जोडून द्यायचे. संगणक मग आरंभापासून पुढे आणि अंतिम तारखेपासून मागे, अशी दुहेरी मोजणी करतो. ज्या कामांना उशीर झाला तरी शेवटची तारीख हलत नाही, त्यांच्यापुढे तो शिल्लक मुभा लिहितो. आणि ज्यांना एका दिवसाचीही मुभा नाही, त्यांची साखळी लाल रंगात दाखवतो. ही लाल साखळी म्हणजेच निर्णायक मार्ग. प्रणाली कोणत्याही कंपनीची असो, तिचे खरे देणे एवढेच आहे. बाकीचे रंगीत पट्टे आणि तक्ते सादरीकरणाच्या सोयीचे.

धाराशिव जिल्ह्याचा प्रश्न या लाल साखळीपाशी येऊन थांबतो. २०१८ साली केंद्र शासनाने देशातील विकासाकांक्षी जिल्ह्यांची निवड केली, त्यात या जिल्ह्याचे नाव होते. जिल्ह्यासाठी योजना आल्या नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही. कामे मंजूर होतात, निधीचे आकडे जाहीर होतात, कुदळही पडते. अडते ते मधल्याच कुठल्यातरी कागदापाशी, आणि नेमका तो कागद कोणत्याच वेळापत्रकात लिहिलेला नसतो.

सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गाचे उदाहरण घ्यावे. तुळजाभवानी हे महाराष्ट्राचे कुलदैवत. परंतु देशाच्या कानाकोपऱ्यातून येणारा भाविक सोलापूरला किंवा धाराशिवला उतरतो आणि पुढचा प्रवास एसटीने करतो. खुद्द धाराशिव शहरालाही रेल्वेची प्रतीक्षा फार करावी लागली. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९११ साली लातूरला पोहोचली ती येडशी-ढोकीवरून, जिल्ह्याचे मुख्य ठिकाण बाजूला ठेवून. विसाव्या शतकाची अखेर उलटून गेल्यावर, रुंदीकरणाच्या वेळी मार्ग वळवला गेला, तेव्हा कुठे या शहरात रेल्वेची शिट्टी वाजली. अशा जिल्ह्यात ९ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते सोलापुरात तुळजापूरच्या रेल्वेची पायाभरणी झाली, तेव्हा उमटलेला आनंद अकृत्रिम होता. सुमारे ८४ किलोमीटरचा मार्ग, ९०४ कोटी रुपयांचा खर्च आणि त्यातील निम्मा वाटा राज्याचा, अशी ती आखणी होती.

पुढे काय झाले ते जिल्ह्याला ठाऊक आहे. त्याच वर्षी राज्यात सत्ता बदलली आणि राज्याच्या वाट्याचा निर्णय अडकून पडला. तो मार्गी लागला २०२२ साली, पुन्हा सत्तांतर झाल्यानंतर. दरम्यान जमिनीचे दर, पोलादाचे दर, मजुरी, काहीही थांबून राहिले नव्हते. २०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने सुधारित खर्चाच्या निम्म्या वाट्यास मान्यता दिली, तेव्हा तो खर्च सुमारे ३,२९५ कोटींवर गेलेला होता. मूळ आकड्याच्या साडेतीन पटींहून अधिक.

या विलंबाचे माप तत्कालीन महाविकास आघाडी सरकारच्या पदरात टाकणे सोपे आहे, आणि ते बऱ्याच अंशी न्याय्यही आहे. एका तीर्थक्षेत्राचा मार्ग पक्षीय हिशेबात अडकावा, ही शोभा देणारी गोष्ट नव्हे. परंतु राष्ट्रहिताचा विचार करणाऱ्यांनी तेवढ्यावर समाधान मानू नये. राज्याची संमती, मोजणी, भूसंपादनाचे निवाडे आणि मोबदल्याचे वाटप ही कामे रुळांच्या आधीची आहेत, हे २०१९ सालीही माहीत होते. ती लाल साखळीतील पहिली कडी होती. कोणी प्रामाणिकपणे तक्ता मांडला असता, तर पायाभरणीच्या ओळीआधी चार-पाच ओळी रिकाम्या दिसल्या असत्या. सोहळा आधी आणि सातबारा मागाहून, ही पद्धत सर्वच पक्षांच्या राजवटींत रुजली आहे. ती आपल्या विचाराच्या राजवटीतही चालू राहावी, याचे कार्यकर्त्याला वैषम्य वाटले पाहिजे.

याच महाराष्ट्राने याहून वेगळे उदाहरण पाहिले आहे. १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि त्याची धुरा ई. श्रीधरन यांच्याकडे आली. सुमारे ४२ हजार जमीनमालकांच्या जमिनी घ्यायच्या होत्या. बोगद्यांची यंत्रे येण्याची वाट न पाहता अधिकारी आधी गावागावांत बसले, मोबदला आणि पुनर्वसन यांची बोलणी त्यांनी स्वतः केली. उद्घाटनाला किती दिवस उरले ते दाखवणारी उलटी मोजणी श्रीधरन यांच्या कार्यपद्धतीची खूण ठरली; पुढे दिल्ली मेट्रोतही ती दिसली. कोकण रेल्वे ठरल्या दिवशी पूर्ण झाली असे मात्र नव्हे. गोव्यातील मार्गबदलाचे आंदोलन आणि बोगद्यांतील भुसभुशीत मातीने वेळ खाल्लाच. संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला तो २६ जानेवारी १९९८ रोजी. पण कुठे अडले आणि किती अडले, हे प्रत्येक टप्प्यावर कळत होते. जिथे अडले तेथेच माणसे आणि यंत्रे वळवता आली, ती त्यामुळे.

धाराशिवला तर यासाठी कोकणाकडे पाहण्याचीही आवश्यकता नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या जिल्ह्याच्या दक्षिणेकडील गावांनी अनुभवली आहे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून उशिरा निजलेली गावे पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. लातूर जिल्ह्यातील किल्लारी, तशीच धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर, होळी, राजेगाव ही नावे त्या दिवशी देशाला कळली. सुमारे आठ हजार माणसे गेली. बावन्न गावे मूळ जागेवरून हलवून नव्याने वसवायची, आणि जेथे पडझड कमी होती तेथील पावणेदोन लाखांहून अधिक घरांची दुरुस्ती व मजबुती करायची, असा कार्यक्रम जागतिक बँकेच्या साह्याने आखला गेला. त्यासाठी मुंबईत स्वतंत्र प्रकल्प व्यवस्थापन कक्ष उघडला.

त्या पुनर्वसनातून शिकण्यासारखे जे आहे, ते सिमेंटच्या पोत्यांच्या हिशेबात सापडत नाही. नव्या गावाची जागा कोणती, कोणाला किती चौरस फुटांचे घर, वाटण्या झालेल्या भावांना एक घर की दोन, पाणी कोठून, यांचे निर्णय घरांच्या आधी व्हायचे होते. ते जेथे ग्रामसभेत झाले तेथे गाव उभे राहिले. जेथे नकाशा वरून आला तेथे घरे उभी राहिली, पण दीर्घकाळ गावपण आले नाही. दुरुस्तीच्या कार्यक्रमाची कथा तर अधिक बोलकी आहे. पैसे होते, कनिष्ठ अभियंते नेमले होते, साहित्याची व्यवस्था होती. तरी काम हलेना. भिंतीत आडवे दगड का घालायचे, माळवदावरची माती का कमी करायची, हे घराच्या बाईला कोणी समजावून सांगितलेच नव्हते. पुढे गावोगाव संवाद सहायक म्हणून महिलांची नेमणूक झाली आणि काम चालू लागले. अभियंत्याच्या तक्त्यात ‘घरातील माणसांशी बोलणे’ अशी ओळ नव्हती. निर्णायक मार्ग तिच्यावरून जात होता.

रा. स्व. संघ जनकल्याण समितीने त्या वेळी रेबे चिंचोली गावाच्या पुनर्वसनाचे काम हाती घेतले, आणि ज्ञान प्रबोधिनीने हराळीला आपले केंद्र उभारले. या कामांकडे सेवाभावाचे उदाहरण म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यातील नियोजनाची बाजू सहसा कोणी सांगत नाही. बाहेरून आलेला कार्यकर्ता गावात मुक्कामाला राहिला, यातूनच त्याला कळले की कोणते काम कशासाठी थांबले आहे. संगणकाच्या पडद्यावर ज्या माहितीवाचून सारे व्यर्थ असते, ती माहिती अशी मुक्काम करूनच मिळते.

हे अधिक स्पष्ट व्हावे म्हणून एक साधे काल्पनिक काम डोळ्यांपुढे आणावे. भूम-परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांतून दरवर्षी ऊसतोडीला टोळ्या जातात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी एखाद्या संस्थेने वसतिगृह बांधायचे ठरवले. संस्थेची बैठक भरते आणि ठराव होतो: पुढच्या शैक्षणिक वर्षाच्या आरंभी, म्हणजे जूनमध्ये, वास्तू तयार हवी. येथेच पहिली गफलत. टोळ्या निघतात त्या गळीत हंगामाच्या तोंडावर. मुलांना निवारा हवा तो तेव्हा. तेव्हा खरी अंतिम तारीख ऑक्टोबरच्या मध्याची आहे, आणि ती हुकली तर वास्तू नोव्हेंबरात कितीही सुंदर झाली तरी मूल आईबापांबरोबर कारखान्याच्या फडावर गेलेले असते आणि त्याचे ते वर्ष गेले.

आता मागे मोजावे. पायाला तीन आठवडे, भिंतींना पाच, स्लॅबला दोन, तो पक्का होऊन आधार काढायला आणखी दोन, गिलाव्याला तीन, रंग व विजेच्या कामाला दोन. एकूण सतरा आठवडे. ऑक्टोबरच्या मध्यातून सतरा आठवडे वजा केले की जूनचा तिसरा आठवडा येतो, म्हणजे पायाचा चर ऐन मृगात. काळ्या मातीत पावसाळ्यात चर खणणे म्हणजे काय, हे तेथील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तेव्हा पाया मेच्या मध्याला धरला पाहिजे, म्हणजे पावसासाठी चार आठवड्यांची मुभाही हाती राहते. आणि मेच्या मध्याला पाया धरायचा, तर बांधकाम परवानगीचा अर्ज मार्चच्या आरंभी गेला पाहिजे. दारांच्या पल्ल्यांना सुतार आठ आठवडे मागतो. पण ते गिलाव्यानंतर बसवायचे आहेत, म्हणजे पंधराव्या आठवड्याच्या अखेरीस. त्याला सात आठवड्यांची मुभा आहे. प्रत्यक्षात काय घडते? संस्थेचे चिटणीस सुताराला रोज दूरध्वनी करतात, कारण सुतार ओळखीचा आहे आणि बोलून घेतो. परवानगीची फाइल ज्या टेबलावर आहे तेथे मात्र महिनाभर कोणी फिरकत नाही. तक्ता मांडला असता, तर लाल रेघ त्या टेबलावरून गेलेली दिसली असती.

या प्रणालींचा एक दोषही येथेच सांगितला पाहिजे. त्यांचे पंचांग परके आहे. सोमवार ते शुक्रवार काम आणि दोन दिवस सुट्टी, असे मूळ गृहीत घेऊन त्या येतात. वेळ अमावस्येला धाराशिव-लातूरकडची गावे ओस पडतात, सारे घरदार शेतात पांडवांच्या पूजेला आणि वनभोजनाला जाते, हे त्यांना कसे कळावे? पेरणीच्या आठवड्यात गवंड्याचा हाताखालचा माणूस मिळत नाही, आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारनंतर काम चालत नाही, आणि दिवाळीनंतर अर्धा मजूरवर्ग जिल्ह्याबाहेर असतो. हे सारे त्या पंचांगात भरता येते. तशी सोय त्यात आहे. मात्र ते पुण्यातील सल्लागाराने भरायचे नसून गावच्या माणसाने भरायचे आहे.

दुसरा दोष प्रणालीचा नाही, माणसांचा आहे. प्रत्येक कामापुढे ‘किती टक्के झाले’ असा रकाना असतो. ‘ऐंशी टक्के झाले’ हे उत्तर देशभर सर्वात लोकप्रिय असावे. पुढच्या महिन्यात ते पंच्याऐंशी होते, त्यापुढच्या महिन्यात नव्वद, आणि तेथे ते वर्षभर मुक्काम करते. यावर उपाय जुनाच आहे: टक्के विचारू नयेत, किती दिवसांचे काम उरले ते विचारावे, आणि ते पुरे करणाऱ्याला विचारावे. संघाच्या कामात वृत्त देण्याची रीत आहे. शाखेची उपस्थिती, वर्गाची संख्या, संपर्काची घरे हे सारे आकड्यांत सांगावे लागते. ज्यांनी ही शिस्त अंगी बाणवली त्यांच्यासाठी संगणकाचा तक्ता म्हणजे जुन्या वहीचे नवे रूप होय. परंतु वरिष्ठांना बरे वाटावे म्हणून संख्या गोलाकार करण्याचा मोह वहीतही होतो आणि पडद्यावरही. पडद्यावर तो अधिक घातक, कारण एका खोट्या तारखेवर पुढच्या पन्नास तारखा संगणक बिनतक्रार रचत जातो.

आखणी बदलावी लागणे म्हणजे मात्र अपयश नव्हे. अयोध्येत श्रीराम मंदिराचे काम लार्सन अँड टुब्रोकडे होते आणि प्रकल्प व्यवस्थापनाची बाजू टाटा कन्सल्टिंग इंजिनिअर्सकडे. पायासाठी खोल खांबांची मूळ योजना होती. २०२० साली चाचणीत ते खांब अपेक्षेस उतरले नाहीत. तज्ज्ञांची समिती बसली, योजना बदलली आणि खोल खोदाई करून काँक्रीटचे थरांवर थर दाबत नवा पाया घातला गेला. पुढची सारी आखणी त्यानुसार पुन्हा रचली आणि २२ जानेवारी २०२४ रोजी गर्भगृहात रामलल्लांची प्राणप्रतिष्ठा झाली. चाचणीचा प्रतिकूल निष्कर्ष कोणी तक्त्याखाली दडवला असता, तर काय झाले असते याची कल्पनाही करवत नाही. पंतप्रधानांनी २५ मार्च २०१५ रोजी सुरू केलेली ‘प्रगती’ आढावा व्यवस्थाही याच जाणिवेतून आली. केंद्राचे सचिव आणि राज्यांचे मुख्य सचिव एकाच वेळी पडद्यावर समोर येतात, कारण अडकलेले बहुतेक प्रकल्प दोन कार्यालयांच्या मधल्या बोळात अडकलेले असतात.

जिल्ह्याच्या पातळीवर ही व्यवस्था अद्याप पुरेशी उतरलेली नाही. कृष्णा खोऱ्यातील २३.६६ टीएमसी पाण्याची मराठवाड्याची अपेक्षा आणि त्यातील पहिल्या टप्प्याचे ७ टीएमसी, यांची चर्चा धाराशिवमध्ये दोन दशकांहून अधिक काळ चालली आहे. बोगदा, उपसा, वीजजोडणी, तलाव, वितरिका यांपैकी आज कोणती कडी लाल आहे, हे सामान्य शेतकऱ्याने विचारले तर एका कागदावर उत्तर मिळायला हवे. अशी मागणी करणे हा राजकीय विरोध नव्हे. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत खर्चाची टक्केवारी वाचून दाखवली जाते. मार्चअखेर निधी संपला म्हणजे काम झाले, असा समज त्यातून पसरतो. खर्च झालेला रुपया आणि पुढे सरकलेले काम यांत अंतर असू शकते, आणि ते अंतर दाखवण्याचे साधन आता सर्वांना उपलब्ध आहे. अभियांत्रिकी पदविकेचे विद्यार्थी, निवृत्त अभियंते, विद्यार्थी परिषदेचे आणि ग्रामविकासाचे कार्यकर्ते यांनी आपल्या तालुक्यातील एकेक काम घेऊन त्याचा तक्ता मांडावा. एक पूल, एक पाणीपुरवठा योजना, एक शाळाखोली. माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून हाती आहेच.

नजीकची कसोटी तुळजापुरातच आहे. ६ मे २०२५ रोजी चौंडी येथे झालेल्या राज्य मंत्रिमंडळाच्या बैठकीत श्री तुळजाभवानी मंदिर विकास आराखड्यासाठी १,८६५ कोटी रुपयांना मान्यता मिळाली. डोंगरउतारावरचे जुने गाव, अरुंद गल्ल्या, पिढीजात दुकाने, पुजाऱ्यांची घरे आणि नवरात्रात लोटणारा जनसागर यांतून हे काम न्यायचे आहे. आश्विनाचे नऊ दिवस, कोजागरीची यात्रा आणि पौषातील शाकंभरी नवरात्र या काळात मंदिराभोवती खोदकाम चालू ठेवता येणार नाही. म्हणजे वर्षातील कामाचे दिवस आधीच कमी, आणि त्यातले पावसाचे वेगळे. त्या तक्त्याच्या पहिल्या ओळीत प्रवेशद्वाराची कमान आहे की ज्यांची जागा जाणार त्या दुकानदाराच्या पर्यायी गाळ्याचा क्रमांक, हे तुळजापूरकरांनी पहिल्याच बैठकीत विचारून घ्यावे.